जुन्या गाडीचे ब्रेक आणि त्यांतली हवा

2009 सालच्या मे महिन्यात आम्ही एका लग्नासाठी बेळगावहून सावंतवाडीस निघालो होतो. गाडी मामांची, 1954 सालची मॉरिस मायनर. मामा स्वतः शेजारी बसलेले, मागे मामी आणि माझी धाकटी बहीण, आणि चाकावर मी. आंबोली सोडून घाट उतरू लागलो तेव्हा पेट्रोल वाचवावे अशा क्षुद्र हिशेबाने मी गाडी चौथ्या गिअरात ठेवली आणि वेग ब्रेकने आवरत राहिलो. अर्ध्या घाटात एका वळणावर ब्रेकवर पाय ठेवला, तो पॅडल कसलाही प्रतिकार न करता तळाला जाऊन टेकले. पाच-सहा वेळा दाबून पाहिले. चिखलात पाय रोवावा तसे वाटले. मग दुसरा गिअर घातला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घालून थांबवली. कोणाला इजा झाली नाही. मामींच्या मांडीवरचा लाडवांचा डबा मात्र खाली उलटला.

खरी चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. अर्ध्या तासाने पाहतो तो पॅडल पूर्ववत घट्ट! सावंतवाडीच्या एका फिटरने चारही चाके तपासली. कोठे गळती नाही, काही तुटलेले नाही. “गाडीत दोष नाही,” असा त्याने निर्वाळा दिला. घाटातल्या प्रसंगापेक्षा या निर्वाळ्याचीच मला अधिक भीती वाटली. ज्या दोषाचा मागमूस राहत नाही, तो पुन्हा केव्हा उभा राहील हे कोणी सांगावे? तो ब्रेक गेला कोठे आणि परत आला कोठून, याचा उलगडा करताना जुन्या गाडीच्या ब्रेकविषयी जे शिकावे लागले, ते आज आपणांस सांगणार आहे.

कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. लॉकहीड या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या माल्कम लोहेडने 1917 साली मोटारीच्या ब्रेकसाठी त्याचा उपयोग करण्याचा हक्क नोंदवला आणि 1924 साली क्रायस्लरच्या गाडीत असे ब्रेक आले. पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरातला दट्ट्या द्रवाला ढकलतो. हा दाब नळ्यांतून चाकांजवळच्या छोट्या सिलिंडरांत जातो. ते ब्रेकच्या शूंना बाहेर लोटतात आणि शू फिरत्या ड्रमला आतून घासतात. या साऱ्या व्यवहाराचे मर्म एकाच गोष्टीत आहे: द्रव दाबला तरी आकसत नाही. वायू आकसतो. नळीत वाटाणाभर हवा राहिली, तर पायाची मेहनत ती हवा दाबण्यात खर्च होते आणि चाकापर्यंत फारसे काही पोहोचत नाही.

मग गळती नसताना आमच्या नळ्यांत वायू आला कोठून? तो बाहेरून आलाच नव्हता. आत तयार झाला होता. गाडी आणि माणसे मिळून वजन हजार किलोच्या घरात, आणि घाटाची उतरण सुमारे सहाशे मीटर. एवढे वजन एवढे खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने वीस लिटर पाणी उकळीला येईल. इंजिनाने आणि वाऱ्याने त्यातला काही भाग आपल्या अंगावर घेतला तरी उरलेली उष्णता चार लोखंडी ड्रमांना सोसावी लागते. मामांच्या गाडीचे ड्रम तर अवघे सात इंचांचे.

आता ब्रेक ऑइलकडे वळू. लोक त्याला ऑइल म्हणतात. पण आज सर्रास मिळणारा हा द्रव तेल नव्हे. फार पूर्वी त्यात एरंडेल आणि अल्कोहोल असे. आज तो ग्लायकॉल जातीचा असतो आणि हवेतले पाणी शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. डॉट 3 प्रतीचा कोरा द्रव किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण तीन-साडेतीन टक्के पाणी मुरले की ती मर्यादा 140 अंशांच्या आसपास उतरते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. कोकणच्या आणि बेळगावच्या पावसाळ्यात पाणी मुरायला किती अवकाश लागणार! “अरे, वीस वर्षांत कधी ऑइल बदलावे लागले नाही,” असे मामा अभिमानाने सांगत, आणि ती गाडीची स्तुती आहे असे मलाही वाटे. घाटात चाकांजवळचा तो द्रव उकळला, त्याची वाफ झाली, आणि मी पायाने दाबत होतो ती वाफ. गाडी थंड झाली, वाफेचा पुन्हा द्रव झाला, पॅडल घट्ट झाले. सावंतवाडीच्या फिटरला दोष दिसला नाही यात नवल नाही.

यालाच जोडून एक भेद ध्यानात ठेवावा. पॅडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, असे झाले तर तापलेल्या लायनिंगची पकड गेली आहे असे समजावे. पॅडलच खाली बसले, तर द्रवात वायू आहे किंवा द्रव कोठेतरी निघून गेला आहे. दोन्ही दुखणी घाटातच गाठतात. पण उपाय निराळे आहेत.

जुन्या गाडीचे ब्रेक सुधारायचे म्हटले की मंडळी प्रथम डिस्क ब्रेकची चौकशी करतात. 1953 साली ल माँच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने बाजी मारली, तेव्हापासून या ब्रेकला एक वलय आहे आणि ते खोटे नाही. डिस्क उघड्यावर असते, लवकर निवते, भिजली तरी लवकर कोरडी होते. पण ती बसवणे म्हणजे दोन नग बदलणे नव्हे. ड्रमच्या पुढच्या शूला चाकाचे फिरणेच आत ओढून घेते, त्यामुळे पायाला फुकटची मदत मिळते. मायनरच्या पुढच्या चाकांत तर दोन्ही शू या रीतीने काम करतात. डिस्कमध्ये ही मदत नाही. साहजिकच पॅडल जड लागते आणि इंजिनाच्या निर्वातावर चालणारा सर्व्हो जोडण्याची वेळ येते. शिवाय ड्रमसाठी केलेल्या मास्टर सिलिंडरात बहुधा एक झडप असते. पाय काढल्यावरही ती नळीत थोडासा दाब राखून ठेवते. डिस्कच्या वाटेवर ती तशीच राहिली तर पॅड डिस्कला घासतच राहतात आणि गाडी घाटाशिवायच तापते.

दुसरी चूक ‘मोठे ते चांगले’ या समजुतीची. समजा, पायाचा जोर 25 किलो आहे आणि पॅडलच्या तरफेने तो पाचपट, म्हणजे 125 किलो झाला. मास्टर सिलिंडर 19 मिलिमीटर व्यासाचा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 44 किलो दाब मिळतो. त्याऐवजी 22 मिलिमीटरचा ऐसपैस सिलिंडर बसवा. दाब 33 किलोंवर येतो. पॅडल थोडक्यात घट्ट लागते म्हणून मालक खूश, आणि ब्रेक मात्र चतुर्थांशाने दुबळा! तसेच, मागचे ब्रेक पुढच्यांहून जोरकस करू नयेत. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो. हलकी झालेली मागची चाके जखडली की गाडी गर्रकन फिरते.

माझ्या मते पहिला मान दुहेरी मास्टर सिलिंडरला द्यावा. मायनरमध्ये चारही चाकांची एकच वाट आहे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत 1968 च्या आरंभापासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र वाटा सक्तीच्या झाल्या, त्या काही हौसेखातर नव्हेत. मायनरचा मूळ सिलिंडर चालकाच्या पायांखाली चासीच्या पोकळ दांडीत बसवलेला असतो आणि त्याचे बोल्ट काढायचे तर वाटेतला टॉर्शन बार सोडवावा लागतो. काम किचकट आहे. पण एकदा हात घातलाच तर दुहेरी सिलिंडरच बसवावा. त्यानंतर मायनरच्याच 1962 नंतरच्या नमुन्याचे आठ इंची ड्रम पुढे लावता येतात. डिस्क त्याहून पुढची पायरी. काढलेले मूळ भाग मात्र जपून ठेवा; पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या स्वतंत्र नोंदणीसाठी केंद्र सरकारने 2021 साली जे नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे.

या सर्वांआधी जुने ते नीट करावे. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून सुजलेल्या असतात; मग ब्रेक लागतो, पण सुटत नाही. सिलिंडरातली रबरे रॉकेलने किंवा पेट्रोलने कधीही धुऊ नयेत, ती फुगतात. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

आणि आता हवा काढण्याविषयी. हे काम दोघांचे आहे आणि दोघांनाही चहाची घाई नसावी. गाडी घोड्यांवर घ्या, नुसत्या जॅकवर नव्हे. शू आधी ड्रमजवळ बेतून घ्या, कारण पॅडल फार खाली जाते पण शेवटी घट्ट लागते, तेव्हा तो हवेचा नव्हे, शूंमधल्या अंतराचा दोष असतो. मायनरमध्ये द्रवाचे भांडे पायाखालच्या सतरंजीखाली, झाकणाच्या आड आहे. ते डोळ्यांआड असल्यानेच कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षे उघडले जात नाही. उघडण्यापूर्वी भोवतालची माती पुसून घ्या, नाहीतर ती थेट आत पडते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागच्या डाव्या चाकापासून, आरंभ करा. निपलवर पारदर्शक नळी चढवा आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ताज्या द्रवात बुडवून ठेवा.

मग पॅडलवरच्याने सावकाश दाबून “दाबले” म्हणावे. चाकाजवळच्याने निपल अर्धा फेरा सैल करावा. बुडबुडे आणि मळका द्रव बाहेर येतो. पाय खाली धरलेला असतानाच निपल आवळावा आणि मग “सोड” म्हणावे. हा क्रम चुकला की काढलेली हवा परत आत ओढली जाते. दर पाच-सहा वेळांनी भांडे भरावे. ते एकदा रिते झाले की सारा उद्योग पहिल्यापासून. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, असे एका वृद्ध मेस्त्रीने मला शिकवले. रोजच्या वापरात दट्ट्या सिलिंडरच्या टोकापर्यंत जात नाही. तिथे गंज साठतो, आणि हवा काढताना पॅडल तळापर्यंत दाबले की त्या गंजावर घासून रबर फाटते. आदल्या दिवशी चांगला असलेला सिलिंडर हवा काढल्यावर बिघडतो, त्याचे रहस्य पुष्कळदा हेच असते.

निघालेला द्रव कितीही स्वच्छ दिसला तरी परत ओतू नये. अर्धवट वापरलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग सोलून निघतो. सिलिकोनचा डॉट 5 द्रव पाणी शोषत नाही, पण तो ग्लायकॉलच्या द्रवात मिसळून चालत नाही. बदलायचा तर सारी रबरे नवी घालून, नळ्या कोरड्या करून.

मामांच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून पहिल्यांदा जे बाहेर आले, ते कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. मामांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली आणि काही बोलले नाहीत. चारही चाके संपेपर्यंत दुपार झाली. शेवटी त्यांनी स्वतः पॅडलवर पाय ठेवला आणि घड्याळ पाहून मिनिटभर एकाच जोराने दाबून धरला. तेवढ्या वेळात पॅडल हळूहळू खाली सरकले असते, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले असे समजून सारे पुन्हा उघडावे लागले असते. ते जागचे हलले नाही. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा आंबोलीचा घाट उतरलो. या वेळी दुसऱ्या गिअरात, आणि पेट्रोलचा हिशेब कोणी काढला नाही.