किशोरवयीन मुलांना तंदुरुस्ती शिकविताना

शाळेचे क्रीडासंमेलन आटोपते, चार-दोन मुलांच्या गळ्यात पदके पडतात आणि उरलेली मुले खेळ हा आपला प्रांत नव्हे, अशी मनाशी खूणगाठ बांधून घरी जातात. आठवी-नववीच्या मुली तर अधिकच. पुढे दहावीचे वर्ष उजाडले की पी.टी.चा तास गणिताला दिला जातो आणि त्याविषयी पालकांचीही तक्रार नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जगभरातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुलामुलींची शारीरिक हालचाल २०१६ साली अपुरी होती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास होते. या पिढीला आळशी ठरवून मोकळे होण्याआधी, तंदुरुस्ती म्हणजे काय हे आपण तिला कधी नीट शिकविले आहे काय, असे आम्ही विचारू इच्छितो.

वेग, चपळाई, तोल, हातापायांचा मेळ हे गुण स्पर्धा जिंकून देतात. त्यांना कौशल्याशी निगडित घटक म्हणतात. आरोग्याशी निगडित घटक निराळे असून ते पाच आहेत : हृदय व फुप्फुसांचा दमदारपणा, स्नायूंची ताकद, स्नायूंचा दमदारपणा, लवचीकता आणि शरीराची घडण, म्हणजे शरीरातील चरबी व स्नायू-हाडे यांचे प्रमाण. हा भेद १९८५ साली कॅस्परसन, पॉवेल आणि क्रिस्टेन्सन या अमेरिकन संशोधकांच्या निबंधात स्पष्टपणे मांडला गेला. शंभर मीटरच्या शर्यतीत शेवटचा आलेला मुलगा या पाचही बाबतींत उत्तम असू शकतो, हे त्याला कोणीतरी सांगावयास हवे.

पहिला घटक सर्वात महत्त्वाचा आणि शिकविण्यास सर्वात सोपा. मुलांना स्वतःच्या मनगटावर नाडी शोधावयास लावावी. पंधरा सेकंदांत पडलेले ठोके मोजून चाराने गुणले की मिनिटाचा आकडा मिळतो. मग तीन मिनिटे दोरीवरच्या उड्या माराव्यात, पुन्हा नाडी मोजावी आणि ती पूर्वपदावर येण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. काही आठवड्यांच्या नियमित सरावानंतर हाच वेळ बहुधा कमी झालेला आढळतो. हृदय हाही स्नायूच आहे आणि तो सरावाने सुधारतो, हे मुलांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा अशा प्रयोगातून लवकर उमगते. व्यायामाचा जोर ओळखण्याची साधी खूणही सांगून ठेवावी : बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम व्यायाम, दोन शब्दांनंतर धाप लागते, तो जोरकस.

भरलेली कळशी एकदा उचलणे ही ताकद, तर विहिरीवरून वीस कळशा पाणी ओढणे हा स्नायूंचा दमदारपणा. वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते, ही आपल्याकडील जुनी समजूत. तिला आधार नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेला असा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित असल्याचे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० सालच्या अहवालात नमूद केले आहे. अर्थात जोर-बैठका घालण्यास व्यायामशाळेचे शुल्क लागत नाही. लवचीकतेसाठी सूर्यनमस्कार आहेतच. झटके देऊन ताणू नये, एवढे पथ्य पुरे.

खरी नाजूक बाब पाचव्या घटकाची. बी.एम.आय. काढण्यासाठी किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. मात्र या आकड्याला चरबी आणि स्नायू यांतील फरक कळत नाही, आणि प्रौढांचे निकष मुलांना लागूही पडत नाहीत. त्यांच्यासाठी वय व लिंगानुसार वेगळे तक्ते आहेत. वयात येताना मुलींच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढते, ही निसर्गाची योजना आहे. अशा वेळी भर वर्गात वजन मोठ्याने वाचून दाखविणारे शिक्षक, किंवा पाहुण्यांसमोर 'जाडी झालीस' म्हणणारी आत्या, त्या मुलीला मैदानापासून कायमची दूर करू शकतात. वजन एकांतात घ्यावे, आणि कमी जेवण्याचा सल्ला डॉक्टरांवाचून कोणीही देऊ नये.

'खेलो इंडिया'च्या शालेय चाचणीत ६०० मीटर धावणे, बसून पुढे वाकणे आणि बी.एम.आय. यांसोबत ५० मीटरची वेगवान धावही आहे. चाचणी उपयुक्त आहे. परंतु ५० मीटरचा निकाल हा वेगाचा निकाल आहे, आरोग्याचा नव्हे, हे मुलांपुढे स्पष्ट करावे. आमच्या मते मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी न करता त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदीशी करणे योग्य.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयोगटाला दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस जोरकस व्यायाम आणि स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम असावा. ही ६० मिनिटे सलग असण्याची गरज नाही. शाळेपर्यंतची सायकल, मधल्या सुटीतील लंगडी, संध्याकाळचा खो-खो हे सारे त्यात मोजले जाते. आपल्या धर्मग्रामांतील युवा गटांनी उन्हाळी शिबिरात एक सकाळ नाडी मोजण्याच्या प्रयोगासाठी राखून ठेवावी. त्यासाठी सेकंदकाटा असलेले एक घड्याळ, काही दोऱ्या आणि प्रत्येकाची स्वतःची वही, एवढेच साहित्य लागते.