मोटार कापा, बस करा

1914 साली अमेरिकेतल्या हिबिंग गावात कार्ल विकमनची हपमोबिल मोटार कुणी विकत घेईना. मग त्याने तिच्यात खाणकामगार बसवले आणि ॲलिस गावापर्यंत माणशी 15 सेंटला नेऊ लागला. ग्रेहाउंड बसकंपनीचं मूळ ते हेच.

गर्दी वाढली तशा मोटारी मधोमध कापून, सांगाडा लांबवून बाकं वाढवली गेली. काहींनी थेट ट्रकवरच लाकडी बॉडी चढवली. पण ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे टनावारी मालासाठी. पंधरा-वीस माणसांना ते दाद देतात होय? खड्डा थेट मणक्यात! शिवाय चासी ॲक्सलच्याही वर, म्हणजे बसमध्ये शिरणं म्हणजे माळ्यावर चढणं. ओकलंडच्या फेजॉल बंधूंनी 1920च्या दशकाच्या सुरुवातीला खास बससाठीच बुटकी चासी घडवली, तेव्हा कुठे पायरी खाली आली.