पंच्याखालचे अकरा

“मंगळवारी या. साफसफाई काढलीय,” असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, माळ्यावरचं सामान खाली काढलेलं असणार आणि मी नेमकी अडचणीच्या दिवशी जाऊन पोचणार. पितृपंधरवडा चालू होता. गणपतीतल्या तारखा संपलेल्या, घट बसायला आठ दिवस, आणि मधल्या पंधरवड्यात ऑर्केस्ट्रावाल्यांना कोणी बोलावत नाही. लोकांकडे या दिवसांत चादरी-पडदे धुवायला निघतात. त्याच्याकडे आवाज निघाले होते.

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात. जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम होता. माझी खुर्ची पुढे, पण अगदी कडेची, त्यामुळे गायिका कमी आणि गिटारवाल्याचे पाय जास्त दिसत होते. काळी पँट, काळा शर्ट आणि अनवाणी पाय. चपला विंगेत काढून स्टेजवर जाणारे वादक आपल्याकडे काही नवे नाहीत. पण ह्याच्या उजव्या पायाचा अंगठा समोरच्या काळ्या पेटीवरच्या रंगीत कड्यांमधून आंधळ्याने घरात फिरावं तसा फिरत होता. डोळे गायिकेच्या पाठीवर. अंतऱ्याआधी अंगठा टेकला, आवाज बदलला. पीस संपला, अंगठा परत. तीन तासांत तो खाली बघताना मला दिसला नाही. मला गिटारमधलं काही कळत नाही, मी त्या अंगठ्यासाठी गेले.

पेटी म्हणजे अँप मॉडेलर. गिटारच्या तारेतून निघणारा सिग्नल मुळात अगदी किरकोळ असतो. त्याला अंग धरतं ते अँपमध्ये. व्हॉल्व्ह तापतात, स्पीकरचा कागद थरथरतो, आणि त्यांच्या ताकदीबाहेरचं काम त्यांच्याकडून करून घेतलं की जो चिरका-भरडा आवाज फुटतो, त्यालाच आपण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणतो. मॉडेलर हे सगळं गणिताने करतो. कॅलिफोर्नियातल्या लाइन ६ या कंपनीने १९९८ मध्ये राजम्याच्या दाण्यासारखी लाल ‘पॉड’ काढली आणि २०१५ मध्ये ‘हेलिक्स’. ह्याच्याकडे हेलिक्स आहे, सेकंडहँड, सहा-साडेसहा किलोची. आत सगळ्या प्रकारचे अँप, पेडल आणि स्पीकर आकड्यांच्या रूपात बसलेले.

“एक हजार चोवीस,” तो म्हणाला. चहा अजून आला नव्हता. “आठ सेटलिस्ट, एकेकीत १२८ प्रिसेट. एक हजार चोवीस घरं आहेत ह्याच्यात, ताई. आणि माझे आवाज किती? अकरा.”

१२८च का, हे त्याने नाही सांगितलं, मीच नंतर शोधलं. वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ‘मिडी’ नावाची भाषा १९८३ मध्ये ठरली, तिच्यात आवाजाचा नंबर सांगायला सात बिट मिळतात, म्हणजे शून्य ते १२७. तेव्हापासून या जगात १२८ ला आपल्या १०८ सारखा मान आहे. कारण कोणी विचारत नाही.

त्याची पहिली पेटी झूम ५०५ होती. तळहातापेक्षा थोडी मोठी, दोन बटणांची, आणि तिच्यात चोवीस पॅच. “चोवीस होते तेव्हा चोवीसच्या चोवीस कामाला होते. आता बघा, चोवीसला बरोब्बर हजार चिकटले.” हा हिशेब त्याला फार आवडतो. दिवसभरात तो मला तीनदा ऐकवला, एकदा शेजारच्या मुलासमोरही.

खरी साफसफाई चार वर्षांपूर्वी झाली, यंदाची नुसती झाडलोट. त्याआधी त्याचं सगळं गाण्यावार होतं. एका गाण्याला एक प्रिसेट, त्यावर गाण्याचं नाव, कार्यक्रमाच्या क्रमाने ओळीत. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मीही तसंच केलं असतं. दोनशेच्या वर गाणी झाली होती. मग एका हॉलमध्ये खालचे सूर घुमायला लागले. आता प्रत्येक गाण्यात बेस कमी करायचा म्हणजे दोनशे ठिकाणी हात घालायचा. दुसरं म्हणजे फर्माईश. निवेदक ऐन वेळी समोरच्या रांगेतल्या पाहुण्यांचं मन राखतो, सतराव्या नंबरचं गाणं चौथ्या नंबरला येतं, आणि गिटारवाला वाकून बटणं चाळत बसतो. तोवर ऑक्टोपॅडवाला चार ठोके देऊन मोकळा.

तेव्हा त्याने गाण्यांची नावं पुसली. आता आवाज कामावार आहेत. गाणं कुठलंही असो, त्याला साधा टोन हवा की भिजलेला, मागे ठेका धरायचाय की पुढे येऊन पीस वाजवायचाय, एवढंच बघायचं. आठ बटणांवर सात आवाज, एकाच प्रिसेटात. हे एकाच प्रिसेटात असण्याला कारण आहे: प्रिसेट बदलला की पेटी आतली सगळी मांडणी मोडून नवी उभारते आणि तेवढा क्षणभर आवाज तुटतो. प्रिसेट तोच ठेवून त्यातले ‘स्नॅपशॉट’ बदलले तर तुटत नाही, आधीच्या सुराचा डिले, म्हणजे प्रतिध्वनीही मागे रेंगाळत राहतो. असे आठ स्नॅपशॉट एका प्रिसेटात मावतात. उरलेले चार आवाज वेगळ्या घरांत: वाहचा एक, अकूस्टिकसारखा एक, असे. म्हणजे काटेकोर हिशेबाने तो १०२४ पैकी पाचच घरं वापरतो. आणि प्रत्येक घरात आठ खोल्या धरल्या तर एकूण ८१९२ होतात. मी हे कागदावर मांडून दाखवलं. त्याने कागद उलटा ठेवला आणि त्यावर चहाचा कप.

लॅपटॉप जोडणं, बॅकअप घेणं, नको ते रिकामं करणं यात अर्धा तास गेला. रिकामं केलेल्या घरावर ‘न्यू प्रिसेट’ अशी पाटी येते. पडद्यावर खालपर्यंत न्यू प्रिसेट, न्यू प्रिसेट, न्यू प्रिसेट. गिऱ्हाईक न मिळालेल्या सोसायटीसारखं ते दिसतं.

मग त्याने मला अँपांची यादी दाखवली, आणि इथे मी अडकले. कंपनी मूळ अँपांची नावं सरळ वापरत नाही, सूचक नावं ठेवते. व्हॉक्सचा एसी-३० इथे ‘एसेक्स ए-३०’ होतो. मार्शल ‘ब्रिट’ म्हणून येतो, फेंडरचा ट्विन ‘यूएस डबल’ म्हणून, रोलंडचा जॅझ कोरस ‘जॅझ रिव्हेट’ म्हणून. नाटकातल्या राजाला खरं नाव न देता टोपीवरून ओळखायला लावावं तसं. “खरा व्हॉक्स कसा असतो?” मी विचारलं. “मी कुठे पाहिलाय!” तो म्हणाला. “फोटोत पाहिलाय.” ज्या अँपची ही नक्कल, तो अँप त्याने कधी ऐकलेला नाही. त्याला नक्कल करायचीय ती रेकॉर्डची. १९७१ च्या ‘दम मारो दम’ मधली भूपिंदर सिंगांची गिटार, १९८० च्या ‘कर्ज’ मधली गोरख शर्मांची. तीही त्याने रेडिओवर आणि घासलेल्या कॅसेटवर ऐकलेली. म्हणजे इंग्लंडच्या अँपची अमेरिकेत केलेली नक्कल घेऊन हा मुंबईच्या स्टुडिओतल्या आवाजाची पुण्यात नक्कल करतो, मूळ गाणाऱ्यांची नक्कल करणाऱ्या गायिकेच्या मागे. हे मी जरा खवचटपणे बोलून दाखवलं. त्याला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. “लोकांना कॅसेट ऐकायची असते, ताई. मी कॅसेट वाजवतो.”

दिवसातला बराच वेळ गेला तो मात्र आवाज घडवण्यात नाही, सगळे एका पातळीवर आणण्यात. तेच चार मात्रांचं वाक्य कोरड्यावर, मग तिखटावर, मग सोलोवर, परत कोरड्यावर. मीटर समोर होतं पण त्याकडे तो बघत नव्हता. डिस्टॉर्शनचा आवाज दाबून सपाट झालेला असतो, त्याची टोकं मीटरवर बुटकी दिसतात आणि कानाला तोच मोठा लागतो. क्लीनचं उलटं. त्यामुळे मीटरवर जुळलेले आवाज हॉलमध्ये भांडतात. सोलो बाकीच्यांपेक्षा तीन डेसिबल वर, एवढाच त्याचा लेखी नियम. बाकी कान.

आणि हे सगळं मोठ्या आवाजात. घरातला टेपरेकॉर्डर नव्हे, कार्यक्रमाला नेतात तसला उभा स्पीकर, दिवाणाला टेकवून. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू आवाजात टोन लावणारा माणूस बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, खूश होऊन झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी स्टेजवर त्याची गिटार ढोलासारखी घुमते किंवा काचेसारखी टोचते. आमच्या गिटारवाल्याला या दोघांची नावं माहीत नव्हती. “रात्री लावलेला टोन आणि रात्री घेतलेली साडी, दोन्ही सकाळी बघावं,” असं वहिनी आतून म्हणाल्या. शेजारी अकरा ते पाच कामावर असतात, तेवढ्या वेळात उरकायचं.

नावं त्याने रोमन अक्षरांत पण मराठी ठेवली आहेत. कोरडा, ओला, जुना, ठेका, चकचकीत, तिखट, सोलो. ओल्यात डिले आणि रिव्हर्ब. चकचकीतमध्ये ऐंशीच्या दशकातला कोरस, त्या काळच्या सॅटिनच्या शर्टासारखा. वहिनींना हा लेबलांचा प्रकार मान्य नाही. “मिसळणाच्या डब्याला कोणी लेबलं लावतं का? हळद कुठंय ते हाताला कळायला नको?” त्यावर तो काही बोलला नाही, पण मला वाटतं, पुढे सांगणार आहे ती पंच्याची कल्पना तिथूनच आली असावी.

त्याआधी एक प्रसंग. पेटी आधीची होती, आणि चूक, तो म्हणाला, पूर्ण त्याची. एका ज्येष्ठ गायकाच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता. भावगीत, तेही संथ, दुसऱ्या अंतऱ्यानंतर गायिका थांबलेली, आणि साधा टोन आणि सोलो शेजारीशेजारी ठेवलेले. अंगठा अर्धा इंच सरकला. “ट्रक घुसला हो हॉलमध्ये.” लोक हसले. लोक हसले याचंच त्याला जास्त लागलं. मध्यंतरात गायिका त्याच्याशी बोलली नाही, निवेदकाने मात्र ते निवेदनात वापरलं.

म्हणून आता भांडखोर आवाज वरच्या रांगेत, सोलो पार उजव्या टोकाला, जिथे जायला गुडघा हलवावाच लागतो. शांत आवाज खाली, पायाजवळ. आणि कोरडा शेजारशेजारच्या दोन बटणांवर, दोन्हीकडे तोच. आठ बटणांवर सातच आवाज का, हे मला इथे कळलं. “सगळ्यात जास्त पाय तिथंच पडतो. चुकला तरी तेच वाजतं.” १०२४ घरांच्या यंत्रात हा माणूस एक खोली चुकण्यासाठी राखून ठेवतो, हे मला अजून आठवत राहतं.

या पेटीची बटणं नुसत्या स्पर्शानेही ओळखतात. न दाबता बोट टेकवलं की त्या बटणामागचं पडद्यावर उघडतं, बसून काम करताना सोयीचं. हे अनवाणी अंगठ्याच्या कामाचं नाही, म्हणून त्याने सेटिंगमध्ये ते आधीच बंद करून ठेवलंय.

चारच्या सुमारास त्याने दांडीवरचा पंचा काढला आणि पेटीवर पसरला. बटणांवरची नावं झाकली, रंगीत कड्यांचा उजेड कापडातून पुसट दिसत राहिला. स्टेजवर कधी धूर सोडतात, कधी गायिकेचा पदर वर येतो, कधी नोटेशनचं स्टँड आडवं येतं. आणि काही आलं नाही तरी नजर गायिकेवर हवी, कारण ती कधी उचलेल सांगता येत नाही. तो उभा राहिला, गिटार अडकवली, आणि मला म्हणाला, “तुम्ही सांगा.”

मी म्हटलं, ओला. पंच्याखाली अंगठा सरकला, कापडाला एक उंचवटा आला आणि पुढे गेला, उंदीर गादीखालून जावा तसा. ओला वाजला. तिखट. वाजला. जुना. वाजला, तो थरथरता, साठच्या दशकातला आवाज. मी मुद्दाम घाई केली: सोलो, कोरडा, ठेका, कोरडा, चकचकीत. गुडघा हलला, परत आला. एकदाच पाय कोरड्याच्या दुसऱ्या बटणावर पडला, हे मला उंचवट्यावरून दिसलं. कानाला काही कळलं नाही.

“हे सात झाले,” मी म्हटलं. वाह आणि अकूस्टिक त्याने डावीकडचं बँकेचं बटण दाबून वाजवून दाखवले, दहावा मी ऐकला पण काय होता ते लिहून घ्यायचं राहिलं. अकरावा तो टाळत होता. शेवटी पंचा काढून त्याने पडद्यावर दाखवला. नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. बसवून चार वर्षं झाली, ज्या गाण्यासाठी बसवला ते गाणं गायिकेने एकदाच म्हटलं आणि सोडून दिलं. स्टेजवर तो परत वाजलेला नाही.

“मग ठेवलाय कशाला?”

“कधीतरी लागेल.”

दोनशे प्रिसेट एका दुपारी पुसणारा हाच माणूस. आतून भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात आल्या आणि माळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “वर दोन पितळी पिंप आहेत. तेही कधीतरीच लागणारेत.” तो हसला, कर्सर त्या प्रश्नचिन्हावर नेला, थोडा वेळ तिथेच ठेवला. मग ते चिन्ह धरून ओढत खाली, खाली, न्यू प्रिसेटांच्या रांगांमधून अगदी शेवटच्या घरात नेऊन सोडलं, आणि पेटी बंद करायला वाकला.