प्रतिमा स्थिरीकरण आणि डळमळणारे चित्रण : दोष कसा शोधावा

समजा, तुम्ही प्रकल्पासाठी बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील एका छोट्या मशीन शॉपमध्ये गेला आहात. यंत्राच्या पत्र्यावर चुंबकी स्टँडने मोबाईल लावून तुम्ही फिरत्या स्पिंडलचे चित्रण केले. डोळ्यांना सारे स्थिर दिसत होते, पण चित्रणात दृश्य जेलीसारखे थरथरते आहे. हा दोष यंत्राचा की कॅमेऱ्याचा? उत्तर चुकले, तर चांगल्या यंत्रावर बिघाडाचा ठपका बसेल.

स्थिरीकरण कसे चालते?

ऑप्टिकल प्रकारात जायरोस्कोप कॅमेऱ्याच्या फिरण्याचा वेग मोजतो आणि लेन्स किंवा सेन्सर उलट दिशेने सरकवला जातो. इलेक्ट्रॉनिक प्रकारात कोणताही भाग हलत नाही. प्रत्येक फ्रेमच्या कडा कापून उरलेला भाग जागेवर बसवला जातो. म्हणून दृश्य थोडे जवळ आल्यासारखे वाटते.

ही रचना मुख्यतः हाताच्या थरथरीसाठी असते. ही थरथर सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होते. स्पिंडल मात्र मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ३००० ÷ ६० = ५० हर्ट्झ एवढे कंपन पत्र्यातून मोबाईलपर्यंत येते. इतक्या जलद कंपनात दुरुस्ती उशिरा पोहोचते. कॅमेरा परत फिरला तरी लेन्स आधीच्याच हालचालीची भरपाई करत राहते, आणि डळमळ कमी होण्याऐवजी वाढू शकते.

शिवाय बहुतेक मोबाईलचा सेन्सर फ्रेम वरून खाली, ओळीओळीने वाचतो. या वाचनाला २० मिलिसेकंद लागत असतील, तर ५० हर्ट्झचे एक पूर्ण कंपन एकाच फ्रेममध्ये उमटते आणि सरळ कडा लाटेसारखी वाकते. फ्रेम सरकवून ही लाट सरळ होत नाही.

चाचणी : एका वेळी एकच बदल

दहा-दहा सेकंदांची तीन चित्रणे करा.

१. मोबाईल यंत्रावर, स्थिरीकरण चालू.
२. मोबाईल यंत्रावर, स्थिरीकरण बंद.
३. मोबाईल जमिनीवरील ट्रायपॉडवर, स्थिरीकरण बंद.

दुसऱ्या चित्रणात डळमळ गेली, तर दोष स्थिरीकरणाचा. दुसऱ्यात राहिली पण तिसऱ्यात गेली, तर पत्र्याचे कंपन आणि ओळीओळीने होणारे वाचन ही कारणे. तिसऱ्यातही पार्श्वभूमी स्थिर राहून फक्त स्पिंडल हलताना दिसला, तरच यंत्रावर संशय घ्यावा. तेव्हाही यंत्र बंद करून, स्पिंडल हाताने फिरवून डायल गेजने खात्री करावी.

काही मोबाईलमध्ये ऑप्टिकल स्थिरीकरण बंद करता येत नाही. अशा वेळी पहिले आणि तिसरे चित्रण ताडून पाहावे. मोबाईल यंत्रावर फार वेळ ठेवू नये. मोटारसायकलच्या तीव्र कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याची कार्यक्षमता घटू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता.

इतर लक्षणे आणि उपाय

- ट्रायपॉडवर दृश्य हळूहळू सरकते : जायरोस्कोपच्या संकेतातील किरकोळ चूकही हालचाल समजली जाते. स्थिरीकरण बंद करा.
- कॅमेरा वळवताना दृश्य आधी अडते, मग उडी मारते : मुद्दाम केलेली हालचालही थरथर मानली गेली आहे. सावकाश, एकसारख्या वेगाने वळवा.
- चालताना रुंद दृश्याचे कोपरे ताणले जातात : मध्यभाग स्थिर ठेवणारी दुरुस्ती कडांना पुरती लागू पडत नाही. कमी रुंद लेन्स वापरा.
- दृश्य स्थिर, पण मधूनमधून धूसर : इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण फ्रेम जुळवते, फ्रेममधला धूसरपणा काढत नाही. प्रकाश वाढवून शटरचा वेळ कमी करा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून शटरचा वेळ १/१०० सेकंद ठेवणे सोयीचे.

स्वाध्याय

स्पिंडल मिनिटाला ६००० फेरे घेतो आणि फ्रेमच्या वाचनाला २० मिलिसेकंद लागतात. एका फ्रेममध्ये किती लाटा दिसतील? स्थिरीकरण बंद केल्याने त्या जातील का? कारण द्या.