कलमांच्या फांद्या उतरविणें व त्यासाठीं लागणारीं हत्यारें

कोंकणांत आंबा उतरून झाल्यावर मृगापूर्वीं जे थोडे कोरडे दिवस हातीं राहतात, ते कलमांवरील वाळलेल्या, रोगट व बांडगुळानें वेढलेल्या फांद्या काढण्यास सोयीचे. आंब्याचा मोहोर बहुधा पक्व डहाळीच्या शेंड्यावर येतो. म्हणून थंडीच्या तोंडीं हिरव्या डहाळ्या छाटणें म्हणजे येणारा मोहोरच छाटणें होय. भर पावसांत फांदी निसरडी असते व ओल्या जखमेंत बुरशी लवकर शिरते. काम लहान दिसतें, म्हणून पुष्कळ बागायतदार तें गड्यावर सोंपवून स्वस्थ बसतात. परंतु याच कामांत झाडें जायबंदी होतात आणि माणसेंहि.

आपल्याकडे छाटणी म्हटली कीं हातांत कोयती येते. नारळाच्या झावळ्या उतरविण्यास तिच्यासारखें हत्यार नाहीं, हें मान्य. पण मनगटाएवढ्या फांदीवर ती चालविली तर घाव एका जागीं पडत नाहींत, साल चिंधाळते व त्या फटींत पाणी मुरतें. बोटाएवढ्या डहाळीस कात्री, म्हणजे बागवान जिला सिकेटर म्हणतात ती, वापरावी. तिचे दोन प्रकार आहेत. एकींत एक पातें दुसऱ्यास घांसून पुढें जातें. दुसरींत धारेचें पातें सपाट पट्टीवर येऊन टेकतें. ही दुसरी वाळक्या काटक्यांस ठीक. हिरवी डहाळी तींत चेंगरते. जाड फांदीस करवतच पाहिजे, पण सुताराची नव्हे. ओल्या लांकडाचा भुसा तिच्या बारीक दांत्यांत चिकटून बसतो. छाटणीची करवत आंखूड, किंचित वांकडी व मोठ्या दांत्यांची असून ओढतांना कापते. झाडावर बसलेल्या माणसास रेटण्यापेक्षां ओढणें सोपें, व त्यानें तोलहि जात नाहीं. यांत्रिक करवत घेऊन शिडीवर चढण्याची जी चाल हल्लीं पडली आहे, ती मला मुळींच पसंत नाहीं. ती दोन्ही हातांनीं धरावी लागते. मग झाड धरावयास तिसरा हात कोठून आणावा?

आतां मुख्य गोष्ट. जड फांदी खोडाजवळ वरून एकाच कापानें तोडूं गेल्यास ती अर्धीमुर्धी कापली जातांच स्वतःच्या भारानें मोडते, आणि जातां जातां खोडाची हातभर साल सोलून नेते. याकरितां तीन काप द्यावे. पहिला खोडापासून सुमारें एक फुटावर, खालच्या बाजूनें, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत; करवत अडकूं लागण्यापूर्वींच थांबावें. दुसरा त्याच्या दोन-तीन बोटें पुढें, वरून. येथें फांदी सुटून पडते, व साल फाटलीच तर पहिल्या कापापाशीं थांबते. तिसऱ्यानें राहिलेला खुंट काढावयाचा. तो खोडास सपाट घांसून कापला म्हणजे काम नेटकें दिसतें खरें. पण फांदीच्या मुळाशीं सालीची जी फुगीर वळी असते, तींतूनच जखम झांकणारी नवी साल वाढते. अमेरिकेंतील वृक्षरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनीं पुष्कळ झाडें उभीं चिरून पाहिलीं व १९७७ सालीं असें मांडलें कीं, झाड कुजलेला भाग पूर्ववत् करीत नाहीं, तर त्याच्या भोंवतीं जणूं भिंत घालून त्यास अलग पाडतें. वळी कापल्यानें तें कामच दुबळें होतें. म्हणून वळीच्या लगत बाहेर काप द्यावा. वीतभर खुंटहि ठेवूं नये. तो वाळून कुजतो व भिरुडास घर होतो.

बांडगुळाचीं पानें ओरबाडून उपयोग नाहीं. त्याचीं मुळें लांकडांत शिरलेलीं असतात. गांठीच्या बरेंच खालीं फांदीसह तें कापावें, व त्याचें चिकट बीं पक्ष्यांनीं दुसऱ्या कलमावर नेण्यापूर्वीं कापावें.

जखमेवर बोर्डो मलम लावावें: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. लोखंडी भांडें वापरूं नये. तयार मलमांत चाकूचें पातें मिनिटभर बुडवावें; त्यावर तांबूस पूट चढलें तर चुना कमी पडला असें समजावें. या मलमानें जखम भरत नाहीं, बुरशीस मात्र आळा बसतो.

महसूल खात्यांत कारकुनी केलेली असल्यानें एक गोष्ट सांगणें भाग आहे. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचींत आंबा व फणस हे दोन्ही आहेत, आणि त्यांत तोडणें या शब्दाखालीं झाडास इजा करणेंहि येतें. मोठा विस्तार उतरवावयाचा असल्यास आधीं लेखी परवानगी घ्यावी.

चढणाऱ्याच्या कमरेचा दोर, जी फांदी कापावयाची नाहीं अशा वरच्या बळकट फांदीस बांधावा. जांभूळ व शेवगा यांच्या फांद्या दिसावयास जाड, पण काडकन मोडतात. आंब्याच्या चिकानें कातडी भाजते, यासाठीं अंगभर कपडे असावे. करवत हातांत घेऊन चढूं नये. मागाहून दोरीनें वर घ्यावी. खालीं मुलें व गुरें नाहींत हें पाहण्यास एक माणूस निराळाच ठेवावा. आणि झाडाजवळून विजेची तार जात असेल तर वीज कार्यालयास कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणासहि वर चढवूं नये. ओला बांबू किंवा अ‍ॅल्युमिनियमची शिडीहि त्या बाजूस नेऊं नये.