दुर्बीण तर आली, आता तारा सापडायचा कसा?

मुलांच्या हट्टापायी घरात दुर्बीण येते. अब्बूंनी पगारातून किंवा कापसाच्या पट्टीतून चार पैसे बाजूला टाकलेले असतात, डबा गंगाखेडमार्गे राणीसावरगावला पोचतो आणि पहिल्या रात्री चंद्रावरचे खड्डे पाहायला दादीपासून धाकट्यापर्यंत सगळे स्लॅबवर रांग लावतात. मग चंद्र उशिरा उगवू लागतो. चौथ्या-पाचव्या रात्री मुलगी तासभर नळीला डोळा लावून बसते आणि तिला नुसता काळोख दिसतो. पंधरा दिवसांत दुर्बीण माळ्यावर जाते. घरात बोलणे होते की पैसे वाया गेले, किंवा त्याहून वाईट म्हणजे, पोरीला ते जमले नाही.

आमच्या मते अशा बहुतेक घरांत दोष मुलीचाही नसतो आणि मोठ्या भिंगाचाही नसतो. तो दुर्बिणीच्या पाठीवर बसवलेल्या बोटभर नळीचा असतो. तिला फाइंडर म्हणतात, मराठीत शोधक दुर्बीण. दुकानदार तिच्याबद्दल बोलत नाही, कारण डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘पाचशे पट’ छापलेले असते आणि गिऱ्हाईक त्याला भुलते. ७० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीला फार तर १४० पट झेपते. पुढचे सगळे पट म्हणजे धुरकट चित्र.

आता हिशेब पाहा. अशा दुर्बिणीचे नाभीय अंतर समजा ७०० मिलिमीटर आहे. त्यात २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तर २८ पट मोठे दिसते आणि आकाशाचा जेमतेम पावणेदोन-दोन अंशांचा तुकडा नजरेत येतो. १० मिलिमीटरचा लावला की ७० पट, आणि तुकडा पाऊण अंशाचा. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते, करंगळी एक अंश. म्हणजे करंगळीहून अरुंद भोकातून सगळ्या आभाळात एक तारा शोधायचा. चंद्र मोठा आणि उजळ, त्याच्या प्रकाशाच्या मागावर जाऊन तो सापडतो. गुरूही एखादे वेळी सापडेल. मृगातला तेजोमेघ मात्र असा चाचपडून हाती लागत नाही.

स्वस्त दुर्बिणीबरोबर येणाऱ्या फाइंडरवर बहुधा ५×२४ लिहिलेले असते. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा. पण त्या नळीत पुढून डोकावून बघा. आत एक काळी चकती आणि तिला लहानसे भोक दिसले, तर २४ मिलिमीटर हे नावापुरतेच समजा. भिंग हलक्या प्रतीचे असल्याने चित्र फाटू नये म्हणून कारखान्यानेच बराच प्रकाश अडवलेला असतो. त्यात ती प्लास्टिकच्या कड्यात तीन स्क्रूंवर डुगडुगते. रात्री जुळवावी आणि दुर्बीण जिन्यावरून खाली नेताना बिघडावी. ही नळी बदलायची तर काय घ्यावे, हा खरा प्रश्न.

सगळ्यांत स्वस्त आणि आमच्या मते राणीसावरगावसाठी सर्वांत योग्य, तो लाल ठिपक्याचा फाइंडर. बाजारात त्याला रेड डॉट म्हणतात. त्यात मोठे काहीच दिसत नाही. एक छोटी काच असते आणि आतल्या बारीक दिव्याचा ठिपका तिच्यावर परावर्तित होऊन थेट आकाशावर ठेवल्यासारखा दिसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका ताऱ्यावर आणायचा, झाले. डोके जरा हलले तरी ठिपका ताऱ्यावरून ढळत नाही. उलटसुलट चित्राचा घोळ नाही, म्हणून दहा वर्षांचे पोरही एका संध्याकाळी शिकते.

यात गोम एकच. जे नुसत्या डोळ्याला दिसते त्याच्यावरच ठिपका ठेवता येतो. पुण्या-मुंबईत दिव्यांच्या उजेडाने आकाशात मोजून वीस-पंचवीस तारे उरतात. तिथे ठिपका टेकवायलाच जागा नसते आणि म्हणून शहरातले जाणकार ६×३० ची भिंगाची शोधक दुर्बीण घ्यायला सांगतात. त्यांचा सल्ला त्यांच्या गच्चीपुरता बरोबर आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या आपल्या गावात अमावास्येच्या रात्री आभाळ ताऱ्यांनी भरून येते, वीज गेली असेल तर विचारूच नका. इथे प्रत्येक ठिकाणाच्या आसपास ओळखीचा एखादा तारा असतोच. शहरातल्या सल्ल्यावर गावात जास्त पैसे घालवायचे कारण नाही.

६×३० वाईट नाही. तिच्यातून सुमारे सात अंशांचा पट्टा दिसतो आणि डोळ्याला न दिसणारे मंद ठिपकेही उमटतात. फक्त सरळ नळीच्या प्रकारात चित्र उलटे येते, उजवीकडे सरकवले की डावीकडे पळते, आणि नवशिके मूल वैतागते. काटकोनी, सुलटे चित्र देणारी मिळते, ती महाग. ८×५० तर लहान दुर्बिणीवर लादूच नये, तिच्या वजनाने नळी तोंडावर पडते. एकूण दुर्बिणीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त फाइंडरवर घालवू नये, असे आम्ही म्हणू. मागवण्याआधी मात्र दुर्बिणीवरची बैठक तपासा. काही दुर्बिणींवर फाइंडर सरकवायची खाच असते, काहींवर नुसते दोन बोल्ट. बोल्ट असतील तर त्यांच्यामधले अंतर पट्टीने मोजून विक्रेत्याला कळवा, नाहीतर वस्तू घरी येते आणि बसतच नाही.

तेवढेही पैसे नसतील तर? वायरिंगवाल्याकडून प्लास्टिकच्या पाइपचा ३० सेंटिमीटरचा सरळ तुकडा घ्या, आतून १६ मिलिमीटर असेल असा. दुर्बिणीच्या नळीला समांतर, खाली पुठ्ठ्याच्या घड्या देऊन रबराने बांधा. त्यातून आकाशाचा सुमारे तीन अंशांचा गोल दिसतो आणि २५ मिलिमीटरच्या आयपीससाठी तो कामाला येतो. हा जुगाड म्हणून हसण्यासारखा नाही. दुर्बीण नव्हती तेव्हाच्या अस्तरलाबावर, म्हणजे ग्रहताऱ्यांची उंची मोजायच्या पितळी यंत्रावर, अशीच एक फिरती पट्टी असे. तिच्या दोन टोकांना दोन भोके, दोन्हींतून तारा दिसला की पट्टी बरोबर लागली. इंग्रजीत त्या पट्टीला अॅलिडेड म्हणतात, हा शब्द अरबीतूनच गेला. मोगल काळात लाहोरच्या उस्ताद अल्लाहदाद यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या अशी यंत्रे घडवली. अब्दुर्रहमान सूफी यांनी ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवरच्या आपल्या ग्रंथात देवयानी नक्षत्रातला ‘छोटा ढग’ नोंदवला, तो तर नुसत्या डोळ्याने पाहून. आज आपण त्याला देवयानी दीर्घिका म्हणतो. आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्या काळात नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादेत निजामिया वेधशाळा उभी केली, तिच्यात १५ इंची दुर्बीण होती. तेव्हा हा छंद आपल्या घरांना परका आहे असे कुणी म्हणू नये.

फाइंडर कुठलाही असो, तो दिवसा जुळवावा लागतो. निदान एक किलोमीटर दूरचे काही निवडा, मोबाइल टॉवरचे टोक किंवा डोंगरावरचे एकटे झाड. आधी ते मोठ्या दुर्बिणीत, कमी पटीच्या आयपीसमध्ये, बरोबर मधोमध आणा. मग दुर्बीण न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक ठिपक्याखाली आणा. रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर पुन्हा बघून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. पण दुर्बीण वस्तीकडे वळवू नका. शेजाऱ्यांचे अंगण आणि खिडक्या २८ पट मोठ्या दिसतात, आणि एकदा बोभाटा झाला की पोरांचे स्लॅबवर जाणेच बंद होते.

सूर्याकडे दुर्बीण नेऊ नये, हे सगळ्यांना ठाऊक असते. भिंगाच्या फाइंडरमधूनही डोळा जाऊ शकतो, हे मात्र विसरले जाते. दिवसा त्याच्याही तोंडावर झाकण हवे. विशेषतः रमजान आणि ईदच्या चंद्राच्या संध्याकाळी. सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे वळवायची नाही, मुले कितीही ओढाताण करोत. त्या वेळी लाल ठिपक्याचा उपयोगही कमीच, कारण डोळ्याला न दिसणाऱ्या कोरीवर तो ठेवणार कसा? तिथे रुंद पट्टा दाखवणारी ६×३० किंवा साधी हातातली दुर्बीण बरी. अशी पाहिलेली कोर ग्राह्य की नाही, हे आपापल्या उलमांना विचारावे.

लाल ठिपक्याचा प्रकाश अगदी मंद ठेवा, नाहीतर तोच ताऱ्याला गिळतो. त्यात बहुधा नाण्याच्या आकाराची २०३२ ची बॅटरी लागते, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात मिळते. बटण चालू राहिले की सकाळपर्यंत ती संपू शकते, म्हणून एक जास्तीची जवळ असू द्या.

सुरुवात घरातल्या नावांपासून करता येईल. कित्येक घरांत एक सुरैया असते आणि एक सुहेल. सुरैया म्हणजे कृत्तिका. हिवाळ्यात इशाच्या नमाजनंतर डोक्यावर दिसणारा ताऱ्यांचा लहानसा झुबका. ठिपका त्यावर ठेवा, २८ पटीत तो आयपीस जवळजवळ भरून टाकतो. सुहेल म्हणजे अगस्ती, फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून दोन मुठींना जरा कमी. तिकडे डोंगर किंवा लिंबाचे झाड आडवे येत असेल, तर त्या रात्रीपुरते शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या स्लॅबवर जा.