पुसातला परधान

पहाटे पाचला शेकोटी पेटते. उटनूरच्या डोंगरपट्ट्यात पूस महिन्याची थंडी हाडं गोठवणारी; तेलंगणातला सर्वांत खालचा पारा बरेचदा याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात नोंदवला जातो. म्हातारा स्वतःचे हात शेकायच्या आधी किकरी ऊबेला धरतो. रात्रीच्या दवानं तिचं कातडं सैल पडलेलं असतं. तीन तारा, लाकूड कोरून केलेलं पोट, घोड्याच्या केसांची कमान.

“काऊन बे, राळ कुठं ठेवली?” नातवाला विचारतो. मराठीत. इथल्या परधानांची, म्हणजे गोंडांच्या पिढीजात गायकांची, घरची बोली मराठी आणि गाणं गोंडी. ही काही अलीकडची सरमिसळ नाही. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४०च्या दशकात याच भागातल्या मारलवाई गावात राहिले, तेव्हाही परधानांच्या घरात हेच होतं. मारलवाईत त्यांनी गोंड शिक्षक तयार करायचं काम सुरू केलं, तेव्हा गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत काढली, कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीतून झालेली होती.

सात वाजता कपाशीच्या रानात जायला हवं, पण जात नाहीत. सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्क्यांच्या वर निघाला की भाव कापतात, म्हणून दव उडेपर्यंत बोंडाला हात लावायचा नाही. हा रिकामा तास-दीड तास हीच नातवाची शाळा. म्हातारा ओळ म्हणतो, कमान ओढतो, थांबतो. नातवानं ती उचलायची. चुकला तर म्हातारा सांगत नाही, तीच ओळ पुन्हा म्हणतो. माझ्या मते गुरुकुलांविषयी आपण जे भरजरी लिहितो त्यापेक्षा ही पद्धत बरी. निदान भाषण नसतं.

नऊ ते एक वेचणी. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की बोटं बोंडाच्या टोकदार कवचानं फाटतात आणि तीच बोटं संध्याकाळी तारेवर फिरायची असतात.

दीड वाजता भाकर, वरण. दोनला बोलावणं आलेल्या गावाकडे. आज कुणाच्याही घरी जायचं नाही, आपल्या दात्यांच्याच घरी. गोंडांची कुळं चार, पाच, सहा आणि सात देवांच्या चार सगांमध्ये वाटलेली. एका सगात आपसात लग्न होत नाही. प्रत्येक परधान घराणं ठरावीक गोंड कुळाशी पिढीजात बांधलेलं. त्या कुळाची उत्पत्ती, त्याचा देव, त्याच्या पूर्वजांच्या वाटा हे सगळं गाऊन सांगायचं काम परधानाचं. म्हणजे गोंडाला आपण कोण हे विचारायला परधानाकडे यावं लागतं. आणि जुन्या रीतीत याच परधानाला गोंडाच्या पंगतीत जागा नसे. ज्याच्या तोंडून देवाची कथा ऐकायची, त्याचं ताट वेगळं. म्हाताऱ्याला याचा राग येतो का, असं विचारलं तर तो तंबाखू मळत बसतो.

चारला पोचल्यावर पटेलाच्या अंगणात चहा. “राम राम, पटेल.” “जय सेवा, बाबा.” या महिन्यात पेरसा पेन, कुळाचा थोर देव, बाहेर निघतो. भाल्याचं लोखंडी पातं आणि चवरी हीच त्याची खूण. कटोडा, म्हणजे कुळाचा पुजारी, पूजेची तयारी करतो तोवर म्हातारा जोडीदारांची वाट पाहतो. एकटी किकरी पुरत नाही. पेपरे फुंकणारा आणि ढोलवाला लागतो. पेपरे फुंकायला दम लागतो, आणि दमाची तरुण पोरं हैदराबादला निघून जातात.

अंगणात नागोबाच्या गोष्टी चाललेल्या असतात. याच दिवसांत मेश्राम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी आणायला पायी गेलेली असतात. पुसाच्या अमावास्येला केसलापूरला त्या पाण्यानं नागोबाची पूजा होते. आपला म्हातारा मेश्रामांचा परधान नाही. तिथं तो जत्रेला आलेला माणूस, एवढंच. कितीही चांगला गात असला तरी.

गोंडी संस्कृतीची दखल राजधानीनं घेतली ती गुसाडी नाचाच्या निमित्तानं. मारलवाईचे कनक राजू यांनी गुसाडी दिल्लीपर्यंत नेली, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४च्या ऑक्टोबरात ते गेले. गुंजाळा गावच्या हस्तलिखितांमधली गोंडी लिपीही २०१८ मध्ये युनिकोडात आली. दोन्ही मोठी कामं. पण गुसाडीचा मोरपिसांचा टोप फोटोत दिसतो, लिपी पडद्यावर दिसते. रात्रभर चालणारी कथा दाखवायची कशी?

आठला कथा सुरू होते. गुहेत कोंडलेले देव, त्यांना सोडवणारा लिंगाल, आणि आद्य परधान हिरासुका. आधी किकरीवर एकटा म्हातारा, मग कडव्याच्या शेवटी पेपरे आणि ढोल धडकन आत येतात. नातू ढोलाशेजारी मोबाइल ठेवून रेकॉर्ड करतो. म्हातारा अडवत नाही. मात्र पूर्वजांची नावं सुरू झाली की पटेलाची माणसं सरसावून बसतात, एक बाई मध्येच उठून कुणाचं तरी नाव राहिलं म्हणते, म्हातारा मान डोलावून ते घालतो. मोबाइलमधल्या कथेला असं अडवणारं कुणी नसतं. म्हणून रेकॉर्डिंग जपलं की गाणं जपलं, हे मला पटत नाही. दाता आणि परधान यांचं देणंघेणं तुटलं तर फाइल उरेल, कथा उरणार नाही.

पहाटे तीनपर्यंत चालतं. मग ज्वारी, थोडे पैसे आणि धोतरजोडी. ढोल आज नातवानं धरला होता.

“माहा वाटा?” तो विचारतो.

“शिकणाऱ्याले वाटा नसते.”

“मंग पुढच्या सोमवारी ढोल तूच वाजव.”

म्हातारा पैशांतून शंभराची एक नोट काढतो, बघतो, आणि दुसरी काढायची की नाही याचा विचार करत पटेलाच्या बैलगाडीची चौकशी करायला जातो.